मार्थाबाईंनी गाळलेली ओळ

मार्थाबाईंचं नाव त्या गावात कोणालाही नीट घेता येत नसे. सगळे त्यांना 'मारताबाई' म्हणत. ही बाई सुई मारते म्हणून तिचं नाव मारताबाई, अशी गावाची पक्की समजूत होती. नवा असताना मी एकदा खुलासा करायला गेलो, की मार्था हे ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातल्या एका बाईचं नाव आहे. ऐकणाऱ्या म्हाताऱ्यानं बराच विचार केला आणि विचारलं, "थे बी सुई मारत होती का?" त्यानंतर मी खुलासे करायचं सोडून दिलं.

हे गाव भामरागडहून आत, जंगलात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पावसाळ्यात तीन ठिकाणी तुटणारा रस्ता. वस्ती माडिया लोकांची. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी औषधं देत असे. नेमणुकीच्या कागदावर माझं पद चांगलं लांबलचक होतं, गावात मी कंपाउंडर. माझं घर ब्रह्मपुरीकडे, धानाच्या शेतीतलं. बायको-मुलं तिकडेच होती. मार्थाबाई दवाखान्याच्या नर्स, चंद्रपूरच्या. त्यांचे यजमान सॅम्युअल, म्हणजे गावाचे सामूभाऊ, टेलर होते. बायकोची बदली झाली तसे शिलाई मशीन डोक्यावर घेऊन तेही जंगलात आले. ज्या गावात निम्म्या लोकांना शिवलेल्या कपड्याची फारशी गरज नव्हती, तिथे हा माणूस आनंदानं दुकान मांडून बसला होता. मूलबाळ नव्हतं. बाई त्यांना 'टेलर' अशीच हाक मारत.

आमची क्वार्टर्स शेजारी शेजारी होती. मधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती. कंत्राटदाराला बहुधा पावसाच्या आत कौलं चढवायची घाई झाली असावी. त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येई. सकाळी सहाच्या ठोक्याला बाई प्रार्थना म्हणत. मनातल्या मनात नव्हे, चांगली खणखणीत. देवाशी त्या पुस्तकी मराठीत बोलत आणि आमेन झालं की त्याच दमात, "टेलर, उठून राह्यले का, का पाणी आणू?" ही चंद्रपुरी मराठी नवऱ्यासाठी. मी झोपाळू माणूस. त्या प्रार्थनेवर माझी हजेरी वेळेत लागत असे. चार-पाच वर्षांत मला ती प्रार्थना पाठ झाली. आमच्या घरी सत्यनारायण आणि एकादशा. पण कोणी मध्येच उठवलं असतं तर आरतीपेक्षा ती आधी तोंडातून आली असती.

बाई कामाला कडक होत्या. बुटक्या, रुंद, पायात रबरी चप्पल, पदर कमरेला खोचलेला. बोलणं तुटक. पोरांना टोचताना त्या "दुखणार नाही" असं कधी सांगत नसत. "दुखते. एवढंसं दुखते. रडाचं असन तर रड," असं सांगत. गंमत म्हणजे पोरं कमी रडत.

खोटं त्यांना जमतच नसे. एकदा वरून एक साहेब तपासणीला आले. नदीपलीकडची दोन मुलं लसीची राहिली होती आणि नदी तर फुगलेली. साहेब म्हणाले, महिना संपतोय, रजिस्टरात लिहून टाका, पाणी उतरलं की द्या लस. बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "पाणी उतरलं का लस देईन, न् लस दिली का लिहीन." साहेबांनी बराच वेळ समजावलं. बाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, पेन काही उघडलं नाही. त्या महिन्यात जिल्ह्यात आमच्या दवाखान्याचं नाव खाली आलं. मी चिडलो होतो. तर मलाच म्हणाल्या, "कंपाउंडर भाऊ, उद्या त्या लेकराले गोवर झाला का रजिस्टर पाजाल काय त्याले?"

नाताळात त्या बांबूच्या कामट्यांची चांदणी करून मोहाच्या झाडाला टांगत आणि गावभर करंज्या वाटत. गावाच्या देवाच्या कार्यालाही जात. लांब बसत, प्रसाद घेत नसत, पण शेवटपर्यंत बसत. गावाला यात काही वावगं वाटत नसे. बाईचा देव वेगळा, एवढंच.

आता त्या दिवसाचं सांगतो.

श्रावणातला बाजाराचा दिवस होता. आठवडी बाजार नदीपलीकडे भरे. नदीला पूल नव्हता. एकाच खोडातून कोरलेला डोंगा, आणि तो हाकणारा इरपा. तिशीतला, अंगानं काटक, बोलायला अगदी कमी. डोंगा तीन माणसांचा. त्या दुपारी आभाळ काळं झालं आणि सगळ्यांनाच घरी परतायची घाई लागली, म्हणून इरपानं पाच जण घेतले. त्यात सामूभाऊ होते आणि मंगली नावाची एक सात वर्षांची पोर होती. मधोमध पुरात वाहून आलेलं झाड डोंग्याला धडकलं. डोंगा उलटला. तिघं त्याला धरून तरंगत राहिले. मंगलीला इरपानं वाचवलं. सामूभाऊंना पोहता येत नव्हतं. पाण्यानं ओढून नेलं, असं इरपानं काठावर येऊन सांगितलं.

तिसऱ्या दिवशी खाली दोन कोसांवर प्रेत सापडलं. रस्ता बंद, चंद्रपूरला नेण्याचा प्रश्नच नव्हता. चर्चचे पाळकसाहेब आलापल्लीला अडकलेले. दवाखान्यामागच्या मोहाखाली गावकऱ्यांनी खड्डा खणला, मीही खणला. पाळक नाहीत म्हणून बाईंनी स्वतःच प्रार्थना म्हटली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. आणि मध्येच त्या थांबल्या. एक ओळ सोडून पुढची म्हणाल्या.

कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मला पाठ होती. मला वाटलं, दुःखात विसरल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भिंतीपलीकडून प्रार्थना आली, नेमकी ती ओळ नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती.

ती ओळ माफीची. आमच्या चुका माफ कर, जशी आम्ही आमचं वाईट करणाऱ्यांना माफी दिली आहे, अशा अर्थाची. म्हणजे मागणीबरोबर आपण केलेल्या माफीचा दाखला जोडायचा. मी सरकारी माणूस, मला ती ओळ अशीच समजली होती.

पंधराएक दिवसांनी मी धीर करून विचारलं. बाई सुया उकळत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "त्या ओळीत देवाले सांगा लागते का मी माफ केलं. मी नाई केलं. इरपानं पाच माणसं कायले घेतली? मंग खोटं कसं सांगू?"

मी म्हटलं, बाई, म्हणून तर टाका, मन हळूहळू मागून येईल.

"लस न देता रजिस्टरात लिहू म्हणता?" त्या म्हणाल्या. "बाकीची प्रार्थना खरी हाय. तेवढी म्हणते."

पुढचं वर्ष त्यांना फार वाईट गेलं. काम चुकलं नाही, पण अंग उतरलं. झोप येत नसे. भिंतीपलीकडे त्यांची येरझार मला ऐकू येई. मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. उन्हाळ्यात पाळकसाहेब आले, कबरीपाशी उपासना केली. क्रुसाशेजारी एक उभा दगड पाहून ते जरा अडखळले. माडिया आपल्या गेलेल्या माणसासाठी असा दगड उभा करतात. बाई म्हणाल्या, "घरच्या माणसाले लावतात ते. राहू द्या." पाळकांनी राहू दिला. भला माणूस होता. जाताना तो बाईंना म्हणाला, प्रभू शांती देईल. बाई म्हणाल्या, "देतेच तो. मलेच घेता येऊन नाई राह्यली."

मला त्या वेळी त्यांचा राग येई, हे कबूल करतो. कारण या गोष्टीत नुसत्या बाई अडकलेल्या नव्हत्या. आमच्या घाटावर एक रीत होती. दुसरीकडे आहे की नाही ते मला माहीत नाही. डोंग्यातून माणूस गेला, तर त्याच्या घरचं कोणीतरी आधी त्या डोंग्यात बसायचं, मगच इतरांनी. तोवर डोंगा काठावर पालथा. सामूभाऊंच्या घरचं म्हणजे एकट्या बाई. त्या बसल्या नाहीत. गावचा पुजारी, त्याला तिथे गायता म्हणतात, दोनदा येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून गेला. बाईंनी त्याला पाणी दिलं, रक्तदाब तपासला, डोंग्याचं बोलल्या नाहीत. वर्षभर पलीकडच्या चार गावांचे लोक जंगलातून अर्ध्या दिवसाची चाल करून वरच्या अंगाला नदी पायी ओलांडता येते त्या उतारानं येत राहिले. इरपा घाटावरच्या खोपटीपुढे बसून असे. त्याच्याशी कोणी वाईट वागत नव्हतं, पण त्याच्याजवळ कोणी बसतही नव्हतं.

मग पुढचा श्रावण आला. एका सकाळी पलीकडच्या काठावरून आरोळ्या ऐकू आल्या. एक बाळंतीण होती, मूल झालं होतं, पण वार अडकली होती आणि रक्त थांबत नव्हतं. वरचा उतार पुरात बुडालेला. डॉक्टर मीटिंगला गेलेले ते रस्ता तुटल्यानं तिकडेच. बाईंनी पिशवी भरली. रक्त थांबवायचं इंजेक्शन बर्फाच्या डब्यात ठेवावं लागतं, तो डबा माझ्या ताब्यात, म्हणून मीही निघालो. खरं सांगायचं तर मला पोहता येत नाही आणि डबा बाईंच्या हातात देऊन परतायचा माझा विचार होता.

घाटावर बाई इरपासमोर उभ्या राहिल्या. तो उठला. वर्षभरात दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले असतील.

"पाणी कसं हाय?" बाईंनी विचारलं.

"जाता येते."

"तर काढ."

त्यानं डोंगा सरळ केला. बाई जाऊन बसल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बसा, कंपाउंडर भाऊ." त्या बसल्यावर मी काठावर उभा राहणं शक्य नव्हतं. काठावर तोवर गाव जमलं होतं.

मधोमध आलो तेव्हा इरपा वल्हं मारता मारताच बोलला. इतकं सलग त्याला बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. "बाई, मी झूट बोललो होतो. पाण्यानं नाई नेलं भाऊले. एका हातात पोरगी होती, एका हातात भाऊ. डोंगा धराले हात नव्हता. तिघंबी जात होतो. मी भाऊले सोडलो."

मी डबा छातीशी धरून बसलो होतो. या माणसानं हे आत्ताच, या पाण्यात सांगायला नको होतं, असं मला वाटलं. बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ तेवढी दिसत होती, ती हलली नाही.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "खोड येऊन राह्यलं. उजवीकडं घे."

इरपानं डोंगा उजवीकडे घेतला.

ती बाळंतीण वाचली. तासाभरात वार पडली, रक्त थांबलं. बाईंनी तिच्या सासूला चार गोष्टी दरडावून सांगितल्या आणि दुपारी आम्ही त्याच डोंग्यातून परत आलो. काठावर उतरल्यावर बाई मला एवढंच म्हणाल्या, "ऐकलं ते आपल्या तिघातच ठेवा. त्या पोरीच्या कानावर जाऊ नये." पुढच्या बाजाराला डोंगा माणसं घेऊन गेला. तीनच. चौथ्याला इरपानं बसू दिलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आधीच जागा झालो. मला वाटत होतं, आज ती ओळ येणार. एवढं मोठं घडलं, डोंग्यात बसल्या, आता राहिलं काय. प्रार्थना आली, ओळ नाही आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. उलट आवाज बसका झाला होता. मला भीती वाटली, की खरं कळून जास्तच बिघडलं. आधी नदीवर तरी ढकलता येत होतं, आता हात सोडणारा माणूस डोळ्यांसमोर होता.

पाचव्या दिवशी दवाखान्यात दोन पेशंट एकदमच आले. एका माणसाच्या पोटरीत कुऱ्हाड बसलेली, आणि एका बाईच्या कडेवर तापानं झटके येणारं लेकरू. बाईंनी त्या माणसाच्या हातात कापडाचा बोळा दिला, "दाबून धर, थांब," म्हणाल्या आणि लेकराला घेतलं. लेकरू शांत झाल्यावर त्या माणसाच्या पायाला टाके घातले. दोघंही सुखरूप घरी गेले. मग बाई हात धुवायला गेल्या आणि साबण हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"आताच मी त्या माणसाले थांब म्हणलं ना?"

मी हो म्हटलं.

"त्याचं रक्त जाऊन राह्यलं होतं."

"लेकरू आधी घ्यावंच लागते, बाई."

"हो. घ्यावंच लागते." त्यांनी नळ बंद केला. "माह्यापाशी टेबल होता, औषध होतं, तुम्ही होता. इरपापाशी काय होतं?"

पदराला हात पुसून त्या दवाखान्यामागे गेल्या, मोहाखाली, आणि बराच वेळ आल्या नाहीत. पेशंट आला तरी बोलवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सुदैवानं कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, सव्वासहा झाले, भिंतीपलीकडून काहीच आवाज नाही. साडेसहाला मी दात घासत उभा, तरी नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. माझ्या मनात नाही नाही ते आलं. सातला मी दार वाजवलं. जोरात वाजवलं. दोनदा, तीनदा. आत काही पडल्याचा आवाज झाला आणि बाईंनी दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ.

"झोप लागली होती," त्या ओशाळून म्हणाल्या.

मला रडू आलं. का आलं ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. मी "बरं, बरं" म्हणत माघारी फिरलो. जरा वेळानं भिंतीपलीकडून प्रार्थना आली. ती ओळ इतर ओळींसारखीच आली, न थांबता, न वाढवता. पुढे आमेन. मग भांड्यांचा आवाज.

नंतर कधीतरी मी त्यांना म्हटलं, की कुऱ्हाडीच्या पेशंटनं तुमचा प्रश्न सोडवला. त्यांना ते पटलं नाही. म्हणाल्या, "डोक्याले तर डोंग्यातच समजलं होतं. डोक्याचं काही खरं नसते. रोज सांगत होती त्याले, का मले जमत नाई, तू पाह्य. त्यानं पाह्यलं." देवाच्या बाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही. मी एवढंच पाहिलं, की वर्षभर न झोपलेली बाई त्या दिवसापासून झोपू लागली, आणि महिन्याभरात मशीनवरची चादर निघाली. फाटक्या पडद्यांना त्या स्वतः टिपा मारू लागल्या. टिपा वाकड्या येत. टेलर असते तर हसले असते, असं म्हणत त्या स्वतःच हसत.

पुढे माझी बदली झाली. बाई तिथेच राहून निवृत्त झाल्या आणि चंद्रपूरला आल्या. कबर तिथेच ठेवली. इरपा ती झाडून ठेवतो आणि पावसाळ्यात फोन करून त्यांना पाण्याची खबर देतो, हे मला उडत उडत कळलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मी चंद्रपूरला कामासाठी गेलो होतो, तेव्हा पत्ता शोधत त्यांच्याकडे पोचलो. बाई थकल्या आहेत. गुडघे गेले. वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दार उघडलं ते एका उंच, सावळ्या मुलीनं. मी ओळखलं नाही. बाई म्हणाल्या, "मंगली होय. नर्सिंगले हाय इथी. माह्यापाशीच राह्यते." ती पोर सातची होती, आता नर्स होणार. चहाचं आधण ठेवून ती बाहेर आली आणि मला बसायला जागा करायची म्हणून खुर्चीवरचे पुस्तकांचे गठ्ठे उचलू लागली. भिंतीवर सामूभाऊंचा फोटो होता, गळ्यात माप घ्यायची फीत.

मी त्या गावात होतो हे कळल्यावर ती मोकळी झाली. फोटोकडे पाहत तिनं मला विचारलं, "तुम्ही तेव्हा तिथीच होते ना, काका? मले एवढंच आठवते का सामूभाऊ माह्या बाजूलेच बसले होते. मंग मी कशी वाचली न् थे कसे गेले?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी शेंगेवरून नजर उचलली नाही.

"डोंगा उलटला का माणसं इकडची तिकडं होतात, बापा," त्या म्हणाल्या. "तू इरपाजवळ आली. टेलर दूर गेले. इरपाचा हात पोचलाच नाई तिथवर."

मंगलीनं मान हलवली आणि चहा उतू जाईल म्हणून आत गेली.

मी बाईंकडे बघतच राहिलो. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले आणि मला विचारलं, माझा चहा अजून बिनसाखरेचाच असतो का.